ऑइलचा रिपोर्ट हातात आला, आता वाचायचा कसा?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की ऑइल बदलताना त्यातलं थोडं बाटलीत काढून लॅबला पाठवलं तर इंजिन न उघडता आत काय चाललंय ते कळतं. त्यावर बऱ्याच जणांनी खरंच टेस्ट करून घेतली, रिपोर्टचे फोटो पाठवले, आणि जवळजवळ सगळ्यांची धास्ती एकच, एखादा आकडा लाल रंगात आलाय, आता इंजिन गेलं का. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला. आधीच सांगून ठेवतो, एकटा आकडा बघून कुणीही इंजिन खोलायला देऊ नका. कुठला आकडा कुणाच्या जोडीनं वाढलाय आणि किती किलोमीटरमध्ये वाढलाय, हे दोन्ही बघितल्याशिवाय रिपोर्ट वाचला असं म्हणताच येत नाही.

प्रश्न: नमस्कार, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. गाडी डिझेल, २०१८ ची, १ लाख १२ हजार किमी झालंय. ऑइल ५डब्ल्यू-४०, ९,८०० किमीला काढलं. रिपोर्टमध्ये लोखंड ६२, ॲल्युमिनियम १४, क्रोमियम ४, तांबं ८, शिसं २, सिलिकॉन ३४, सोडियम ५, पोटॅशियम २, सगळं पीपीएममध्ये. १०० डिग्रीला व्हिस्कॉसिटी (ऑइलचा घट्टपणा) १३.९, टीबीएन ५.१. सिलिकॉन आणि लोखंड लाल दाखवलंय. गॅरेजवाला म्हणतो एवढं लोखंड म्हणजे लायनर (सिलिंडरची आतली भिंत) घासलंय, इंजिन उतरवायलाच लागणार. सुट्टीला शाहूवाडीकडं शेतावर जाणं असतं. काय करू?
— एक वाचक, शिरोली

उत्तर: इंजिन उतरवू नका, या रिपोर्टवर तर नाहीच नाही.

पीपीएम म्हणजे एक किलो ऑइलमध्ये किती मिलिग्रॅम. तुमच्या गाडीत चार लिटरच्या आसपास ऑइल बसत असेल तर वजनानं ते साडेतीन किलोच्या आतच, म्हणजे ६२ पीपीएमचा हिशोब केला तर सगळं मिळून पाव ग्रॅमसुद्धा लोखंड होत नाही आणि तेही जवळजवळ दहा हजार किलोमीटरमध्ये. हजार किलोमीटरला सहाच्या थोडं वर पडतंय. डिझेलसाठी हे जरा जास्त आहे हे खरं, पण लायनर गेलं असं म्हणण्यासारखं यात काही नाही. हेच ६२ तीन हजार किलोमीटरमध्ये आलं असतं तर मी वेगळं बोललो असतो, म्हणून कुठलाही धातूचा आकडा आधी किलोमीटरनं भागायचा आणि मगच घाबरायचं की नाही ते ठरवायचं.

आता सिलिकॉन, कारण खरा विषय तोच आहे. फेस होऊ नये म्हणून नव्या ऑइलमध्येच थोडं सिलिकॉन घातलेलं असतं, ते चार-पाच धरा. दुसरं, मध्ये कधी संप किंवा टॅपेट कव्हर उघडून सिलिकॉन पेस्ट लावून परत बसवलं असेल तर त्यातनंही ऑइलमध्ये उतरतं, पण ते निरुपद्रवी असतं, त्याच्यामुळं लोखंड वाढत नाही. तिसरी धूळ, आणि धूळ इंजिनात गेली की लायनर आणि रिंगा दोन्ही घासतात, लायनरचं लोखंड येतं आणि रिंगांचं क्रोमियम. तुमच्याकडं सिलिकॉन, लोखंड, क्रोमियम तिघंही एकदमच वर गेलेत आणि तांबं-शिसं गप्प आहे. तांबं-शिसं गप्प म्हणजे बेअरिंगं ठीक. मग उरली धूळ, आणि ती फिल्टरला चुकवून आत जातेय.

राहिलं ॲल्युमिनियम. ते दिसलं की लोक लगेच पिस्टन म्हणतात. पण मातीतसुद्धा ॲल्युमिनियम असतं आणि शाहूवाडी-राधानगरीकडच्या तांबड्या मातीत तर भरपूर, तिकडं बॉक्साइटच्या खाणी आहेत त्या उगीच नाहीत. उलट तुमच्या फाउंड्रीतली मोल्डिंगची वाळू म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, तिच्यामुळं सिलिकॉन वाढेल पण ॲल्युमिनियम फारसं नाही. तुमची गाडी दिवसभर सँड प्लांटच्या शेजारी उभी राहात असेल आणि सुट्टीला शेतावरच्या रस्त्यावर पळत असेल तर दोन्ही प्रकारची धूळ तिच्या वाट्याला येतेय, त्यामुळं या १४ मधलं किती पिस्टनचं आणि किती मातीचं हे सांगता येणार नाही, पण धूळ बंद झाली की हा आकडाही खाली येईल.

करायचं काय ते सांगतो. एअर बॉक्स उघडा, फिल्टर आपटू नका, सरळ वर उचला. कडेची रबराची पट्टी बघा, ती चारी बाजूंनी सारखी दबलेली दिसली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात दाबाची खूणच नसेल आणि तिथनं आतल्या बाजूला धुळीची बारीक रेघ गेलेली दिसली तर दुसरीकडं शोधायची गरजच नाही. मग फिल्टरकडनं टर्बोकडं जाणारा रबरी पाइप सोडा आणि आतनं स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्याला ऑइलचा हलका ओलावा लागला तर चालतं, ते ब्रीदरमधनं (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतनं) येतं. पण फडकं बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर ती धूळ फिल्टरच्या पुढं पोचलेली आहे. क्लिपा सैल आहेत का, पाइपाला घडीच्या जागी चीर आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आणि कृपा करून फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत बसवणं बंद करा, आपल्याकडं प्रत्येक सर्व्हिसिंगला हे करतात आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. हवेच्या दाबानं कागद फाटतो, डोळ्याला दिसत नाही एवढं भोक पडतं आणि त्यातनंच नेमकी बारीक धूळ जाते. थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा धूळ जास्तच अडवतो, त्यामुळं मळलाय म्हणून सारखा उघडायचीही गरज नाही. जुना झाला की नवा घाला, चांगल्या कंपनीचा.

बाकी रिपोर्ट उत्तम आहे. ४० ग्रेडची हद्द १०० डिग्रीला १२.५ ते १६.३ असते, तुमचं १३.९ म्हणजे बरोबर मध्ये. टीबीएन म्हणजे ऑइलमध्ये ॲसिड मारायची ताकद किती उरलीय ते, नव्या ऑइलचं दहाच्या आसपास असेल तर निम्मी शिल्लक आहे. धूळ आत जायची वाट बंद करा, नवं ऑइल घाला आणि पुढचं सँपल पाच हजारालाच काढा. सिलिकॉन पंधराच्या खाली आलं आणि हजार किलोमीटरमागचं लोखंड उतरलं तर काम झालं. नाही उतरलं तर मग कॉम्प्रेशन बघू.

प्रश्न: नवी पेट्रोल गाडी, पहिलं ऑइल ५ हजारला बदललं. तांबं ७१, सिलिकॉन ४८, लोखंड ३३. शोरूमवाले काही बोलत नाहीत. वॉरंटीत क्लेम करावा का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: नको, क्लेम करण्यासारखं काही नाही. नव्या इंजिनात रिंगा आणि लायनर एकमेकांना बसत असतात, त्याचं लोखंड येतं. सिलिकॉन आहे ते जोडणीच्या वेळच्या पेस्टचं. तांबं बघून दचकायला होतं पण त्याच्या जोडीला शिसं आणि कथील वाढलंय का ते बघा, तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन्ही १ च्या आत आहेत. ऑइल कूलर असलेल्या गाडीत नवेपणी कूलरचं तांबं ऑइलमध्ये उतरतं, हळूहळू त्याच्यावर थर बसतो आणि आकडा आपोआप खाली येतो. बेअरिंग झिजलं असतं तर तांबं एकटं आलं नसतं. पहिल्या ऑइलचा रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, तुलना करायची ती दुसऱ्या-तिसऱ्यापासून.

प्रश्न: दादा, माझी बीएस-६ डिझेल गाडी आहे. घर ताराबाई पार्क, दुकान शाहूपुरी, दिवसभरात गाडी फिरते ती एवढीच. ६ हजार किमीला डिपस्टिक बघितली तर ऑइल मॅक्सच्या वर, मी तर कधी टॉपअप केलंच नव्हतं. टेस्ट केली तर व्हिस्कॉसिटी ८.९, फ्युएल ६ टक्के, लोखंड २८. टीबीएन ४.८. ऑइल ५डब्ल्यू-३० सी३. कंपनीचं ऑइलच खराब निघालं का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर: ऑइलचा दोष नाही, ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय. एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ आला, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर. तो भरत आला की गाडी स्वतःच तो जाळून साफ करते. काजळी जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, ती आणायला इंजिन उशिरानं जादा डिझेल सोडतं, आणि त्यातलं काही लायनरच्या भिंतीला लागून खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी रस्त्यावर एकसारखी पळत असेल तर हे काम पंधरा-वीस मिनिटांत आटपतं. तुमचा प्रवासच दहा मिनिटांचा, म्हणजे साफसफाई सुरू झाली की तुम्ही गाडी बंद करणार, दुसऱ्या दिवशी परत सुरू, परत बंद, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं डिझेल खाली.

३० ग्रेडची खालची हद्द ९.३, तुमचं ८.९ वर आलं, म्हणजे ऑइल ग्रेडमधनंच बाहेर पडलं. अशा पातळ ऑइलचा थर बेअरिंगमध्ये भार झेलायला कमी पडतो. लोखंड २८ आहे, फार नाही, म्हणजे तुम्ही वेळेत पकडलंय. पण मॅक्सच्या वर गेलेलं ऑइल घेऊन गाडी पळवू नका, जास्तीचं ऑइल ब्रीदरमधनं इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं आणि मग चावी बंद केली तरी थांबत नाही.

पेट्रोल मिसळलं असतं तर लांबच्या फेरीत बरचसं उडून गेलं असतं, डिझेल तसं सहज उडत नाही, त्यामुळं यावर उपाय ऑइल बदलणं हाच. थोडं काढून थोडं नवं घालणं हा उपाय नव्हे. सी३ च घाला, डीपीएफला राख कमी सोडणारं ऑइल लागतं. आणि ४.८ टीबीएन बघून घाबरू नका, सी३ ऑइलचं टीबीएन मुळातच कमी असतं, नवं असतानाच सहा-सात. जुन्या दहावाल्या ऑइलचा हिशोब याला लावायचा नाही. तसंही बीएस-६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, बीएस-४ ला ५० होतं, त्यामुळं ॲसिड तयार व्हायचं एक मोठं कारण कमी झालंय.

सवय मात्र बदला. आठवड्यातनं एकदा तरी गाडी गरम करून हायवेला कागल-निपाणी बाजूला एकसारख्या वेगात घेऊन या, आणि साफसफाई चालू असताना, म्हणजे आयडलिंग नेहमीपेक्षा जास्त आणि फॅन जोरात, घर आलं तरी दोन गल्ल्या पुढं जा पण मध्येच बंद करू नका. हे जमणारच नसेल तर ऑइल पाच हजारालाच बदलायचं ठरवा. आणि खरं सांगू का, फक्त ताराबाई पार्क-शाहूपुरी करणाऱ्यानं पुढची गाडी पेट्रोल घ्यावी.

प्रश्न: सर, आमच्या पेट्रोल गाडीचं कूलंट दर महिन्याला कमी होतं, मिस्टर त्यात साधं पाणी घालतात. खाली कुठं गळत नाही. ऑइल रिपोर्टमध्ये सोडियम ११०, पोटॅशियम ६४, तांबं २१, शिसं ९. पण ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) निगेटिव्ह आणि पाणीही नाही असं लिहिलंय. म्हणजे काळजीचं नाही ना?
— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर: ताई, आजच्या सगळ्या पत्रांत मला काळजी वाटली ती तुमच्या गाडीची. ती चालवायची थांबवा आणि टो करून गॅरेजला न्या.

ग्लायकॉल निगेटिव्ह आलं यावर जाऊ नका. कूलंट ऑइलमध्ये गेलं की गरम इंजिनात पाणी उडून जातं, ग्लायकॉलही तुटतं, पण कूलंटमधली सोडियम-पोटॅशियमची क्षारं कुठं जात नाहीत, ती ऑइलमध्येच राहतात. काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच घातलेलं असतं, म्हणून सोडियम एकटं वाढलं असतं तर मी म्हटलं असतं आधी त्याच ऑइलचं नवंकोरं सँपल तपासा. पण इथं पोटॅशियमही आहे, कूलंटही कमी होतंय आणि बाहेर कुठं गळत नाही. तिन्ही एकच सांगतायत. त्यात साधं पाणी घालत राहिल्यामुळं कूलंट पातळ झालेलं असणार, म्हणजे गळतीच्या मानानं हे आकडे कमीच दिसतायत.

तांबं आणि शिसं एकत्र वाढलंय याचा अर्थ बेअरिंगला त्रास सुरू झालाय. ग्लायकॉल तुटल्यावर ॲसिडं तयार होतात, ती बेअरिंगच्या मऊ थराला खातात. तुमच्या रिपोर्टच्या फोटोत लोखंड २४ आहे, म्हणजे बाकी इंजिन अजून शाबूत आहे, वेळ गेलेली नाही.

गॅरेजवाल्याला सांगा, थंड इंजिनावर कूलिंग सिस्टीमला प्रेशर टेस्ट लावून ठेवा, काटा उतरतोय का बघा. प्लग काढून कुठला सिलिंडर आतनं धुतल्यासारखा स्वच्छ दिसतोय का बघा. हेड गॅस्केट असू शकतं, ऑइल कूलर असेल तर तो असू शकतो, कूलरचं निघालं तर खर्च बराच कमी. नुसतं ऑइल बदलून गाडी परत ताब्यात घेऊ नका. दुरुस्तीनंतर ऑइल घालून हजारभर किलोमीटरला परत बदला, आतली घाण निघून जाईल, आणि त्या वेळचं सँपल पाठवा.

याच विषयावर गगनबावड्याच्या एका वाचकांनी विचारलंय की पावसाळ्यात ऑइलच्या टोपीखाली दुधासारखा थर येतो, हेड गेलं का. त्यांच्या रिपोर्टला पाणी आहे पण सोडियम-पोटॅशियम नाही आणि कूलंट जिथल्या तिथं आहे. तो दमट हवेचा आणि छोट्या फेऱ्यांचा ओलावा आहे, इंजिन नीट गरम झालं की जातो.

प्रश्न: आमचं गॅरेज आहे. फाउंड्रीत कास्टिंग तपासायला स्पेक्ट्रो असतोय, त्याच्यावरच ऑइल मारता येत नाही का? आणि सँपल काढायचं कसं? गिऱ्हाईक विचारतंय.
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर: भाऊ, प्रश्न लाखाचा विचारलात. तत्त्व तेच, धातू पेटवायचा आणि त्याच्या उजेडावरनं कुठला धातू किती ते ओळखायचं. पण फाउंड्रीतला स्पेक्ट्रो घट्ट धातूच्या तुकड्यावर ठिणगी मारतो, त्याच्यावर पातळ ऑइल चालत नाही. ऑइलला आयसीपी (प्लाझ्माच्या ज्योतीत ऑइल फवारून तपासणारा) किंवा फिरत्या चकतीवाला स्पेक्ट्रो लागतो. ही पद्धत जुनी आहे, अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रान्दे रेल्वेच्या लॅबनं १९४६ मध्येच डिझेल इंजिनांचे बिघाड ऑइलमधल्या धातूंवरनं पकडले होते. आपल्याकडं मोठ्या ऑइल कंपन्या ट्रक आणि जेसीबीवाल्या गिऱ्हाइकांना ही टेस्ट करून देतात, तुमच्या डीलरकडं विचारा.

सँपल इंजिन गरम असताना काढायचं, थंड ऑइलमध्ये घाण तळाला बसलेली असते. ड्रेन नटाच्या भोवतीची माती आधी पुसा, नट काढल्यावर पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत धरा. ट्रेमध्ये पडलेलं उचलून भरू नका, त्यात दहा गाड्यांचं मिसळलेलं असतं. बाटली लॅबचीच, नाहीतर कोरी आणि खडखडीत कोरडी, पाण्याची रिकामी बाटली चालणार नाही. चिठ्ठीवर ऑइलचं नाव-ग्रेड, ऑइलचे किलोमीटर, गाडीचे किलोमीटर आणि मध्ये किती टॉपअप केलं ते लिहा. टॉपअप लपवलं तर रिपोर्ट खोटा चांगला येतो, कारण नव्या ऑइलनं सगळे आकडे पातळ होतात.

एक गोष्ट गॅरेजवाला म्हणून तुमच्याच हातात आहे. स्पेक्ट्रोला पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचेच कण दिसतात, त्याच्यापेक्षा मोठा तुकडा त्याला दिसतच नाही. बेअरिंगचा पापुद्रा निघाला तरी धातूचे आकडे साधे येऊ शकतात. म्हणून ऑइल फिल्टर कापा. डबा करवतीनं कापू नका, बुरादा आत पडतो, कटरनं कापा. कागद उलगडून शिकंज्यात दाबून ऑइल काढा आणि घड्या उजेडात एकेक करून बघा. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा, चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर बेअरिंग नाहीतर पिस्टन. ही तपासणी फुकट आहे आणि रिपोर्टइतकीच मोलाची आहे.

आणि उरलेलं जळकं ऑइल गटारात जाऊ देऊ नका, आपलं गटार जयंती नाल्यावाटे पंचगंगेलाच जातं. कायद्यानंही तो घातक कचरा आहे, परवाना असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या.

प्रश्न: डिझेलचं ऑइल हजार किमीतच काळं होतं आणि माझ्या भावाच्या सीएनजीचं आठ हजारालाही सोनेरी. मग त्याचं अजून चालवलं तर?
— एक वाचक, कळंबा

उत्तर: रंगावर जाऊ नका. डिझेलचं काळं होतं ते काजळीमुळं, आणि काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. सीएनजीत काजळी जवळजवळ नसते, पण जळण जास्त गरम असतं, त्यामुळं ऑइलचं नायट्रेशन आणि ऑक्सिडेशन (नायट्रोजनच्या वायूंशी आणि ऑक्सिजनशी संयोग) होतं, ते डोळ्याला दिसत नाही आणि त्यानं ऑइल घट्ट होत जातं, रिंगांच्या खाचांत चिकटा बसतो. तुमच्या भावाला सांगा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरच्या पुढं जायचंच असेल तर आधी टेस्ट करा, आणि लॅबला सांगून नायट्रेशन, ऑक्सिडेशन, टीबीएन आणि टॅन हे चारही मागून घ्या, नेहमीच्या स्वस्त पॅकेजमध्ये नुसते धातू आणि व्हिस्कॉसिटी असते. टॅन म्हणजे ॲसिड किती झालं ते. ते चढत चढत टीबीएनच्या बरोबरीला आलं की ऑइल काढायचं, रंग कुठलाही असो.